ध्यानाचा हजेरीपट

गेल्या पावसाळ्यात बेळगावातील माझ्या कचेरीत एक बाई आपले आरोपपत्र घेऊन आल्या. वय पस्तिशीच्या पुढचे. एका खासगी आस्थापनेच्या हिशेब विभागात अकरा वर्षे नोकरी. आरोप असा की, मार्चअखेरच्या कामात त्यांच्या हातून तीन नोंदी चुकल्या. त्यात नवल काही नव्हते. रात्री साडेनऊपर्यंत आकड्यांवर डोळे लावून बसणाऱ्या माणसाच्या हातून नोंदी चुकतात, आणि अशा आरोपपत्रांना उत्तरे देण्यावर आम्हा वकिलांचा चरितार्थ चालतो. नवल होते ते सोबतच्या परिशिष्टात. कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी व्यवस्थापनाने केलेली तरतूद, अशा मथळ्याखाली तेथे ध्यानवर्गाचा हजेरीपट जोडलेला होता. वर्ग बारा, बाईंची हजेरी तीन. त्यावरून काढलेला निष्कर्ष असा की, मन शांत ठेवण्याचे साधन व्यवस्थापनाने विनामूल्य उपलब्ध करून दिले असता कर्मचाऱ्याने त्याचा अव्हेर केला. तेव्हा कामाच्या ताणाची सबब त्यास आता सांगता येणार नाही.

वीस वर्षांच्या वकिलीत मी नाना तऱ्हेचे पुरावे पाहिले आहेत. परंतु डोळे मिटून बसण्याचे नाकारणे हा पुरावा म्हणून दाखल झालेला मी प्रथमच पाहिला. आणि तेव्हापासून, ध्यानाने कामाची कार्यक्षमता वाढते व आरोग्य सुधारते, असे संशोधनाने सिद्ध झाले आहे, हे जे वाक्य हल्ली प्रत्येक कंपनीच्या परिपत्रकात आणि प्रत्येक व्याख्यात्याच्या तोंडी असते, त्याची एकदा रीतसर उलटतपासणी व्हावी असे मनात होते. ती येथे करीत आहे.

प्रारंभीच एक गैरसमज दूर करतो. प्रस्तुत लेखक ध्यानाचा वैरी नाही. ध्यानाची शास्त्रीय परीक्षा करावी, या विचाराचाही तो वैरी नाही; किंबहुना ही परीक्षा पश्चिमेने सुरू केली असे मानणाऱ्यांना बडोद्याचा इतिहास ठाऊक नाही. राजरत्न माणिकरावांच्या तालमीत तयार झालेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२० च्या सुमारास बडोद्याच्या इस्पितळातील प्रयोगशाळेत उड्डियान व नौली या क्रियांचे मापन सुरू केले होते. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले. पुढे वेंगर व बागची या अमेरिकेहून आलेल्या संशोधकांनी दिल्लीच्या डॉ. आनंद यांच्यासह, हृदय थांबवू शकतो असे म्हणणाऱ्या योग्यांची तपासणी केली. १९६१ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष सरळ होता: नाडी हाताला लागेनाशी होते, हृदयाचे ठोके ऐकू येईनासे होतात, पण विद्युत्-आलेखावर हृदय चालूच असते. छातीतील दाब स्नायूंनी वाढविल्याचा तो परिणाम. योगाची यात कोणतीही मानहानी झाली नाही. खरे तेवढे राहिले, अतिशयोक्ती तेवढी गेली. आजच्या प्रचारास याच तराजूत तोलावे, इतकेच माझे मागणे आहे.

न्यायालयात वाद चालविताना आधी मुद्दे काढावे लागतात, कारण दोन प्रश्न एकत्र बांधले म्हणजे एकाचे उत्तर दुसऱ्यास चिकटते. येथे मुद्दे तीन आहेत. एक, ध्यानाने आरोग्यास लाभ होतो काय? दोन, त्याने कामाची कार्यक्षमता वाढते काय? तीन, ही दोन्ही उत्तरे होकारार्थी आली तरी त्यामुळे मालकाची जबाबदारी संपते काय? परिपत्रकवाले पहिल्याचा पुरावा दाखल करतात, दुसऱ्याचा निकाल गृहीत धरतात आणि तिसऱ्याची हुकूमनाम्यासारखी अंमलबजावणी करतात.

पहिला मुद्दा घेऊ. १९७० साली रॉबर्ट कीथ वॉलेस यांनी 'सायन्स' या नियतकालिकात भावातीत ध्यानाचे शरीरावरील परिणाम मांडले: प्राणवायूचा खप कमी होतो, हृदयाची गती मंदावते. पुढे हेच वॉलेस महर्षींच्या अमेरिकेतील विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले. हितसंबंधी साक्षीदाराची साक्ष केवळ तेवढ्याने खोटी ठरत नाही. ती जपून वाचावी लागते, एवढेच. त्यांच्याबरोबर काम केलेल्या हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ साली ग्रंथ लिहून असे प्रतिपादिले की, शरीराची ही विश्रांत अवस्था कोणत्याही एका पंथाची मालमत्ता नाही. साधा शब्द घोकूनही ती साधते. १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यांच्याकडे येणारे लोक कोण होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. जुन्या वेदनांनी पिडलेले, औषधांनी पुरता गुण न आलेले असे ते रुग्ण होते. कार्यक्षमता वाढवून घेण्यासाठी मालकाने धाडलेले कारकून नव्हते.

या साऱ्या संशोधनाचा सर्वांत काटेकोर हिशेब माधव गोयल व त्यांच्या जॉन्स हॉपकिन्स येथील सहकाऱ्यांनी २०१४ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात मांडला. त्यांनी अठरा हजारांहून अधिक लेखांची चाळणी केली. तुलनेसाठी दुसरा काही कार्यक्रम दिलेला गट ज्यांत होता, अशा चाचण्या त्यांतून निघाल्या ४७, आणि त्यांतील माणसे ३,५१५. निष्कर्ष असा की चिंता, उदासीनता व वेदना यांवर माइंडफुलनेस पद्धतीच्या ध्यानाचा अल्प ते मध्यम उपयोग दिसतो. लक्ष, झोप, वजन यांवर उपयोग दाखविणारा पुरावा अपुरा किंवा अजिबात नाही. आणि व्यायाम, औषध वा इतर उपचार यांच्याहून ध्यान सरस असल्याचा पुरावा आढळला नाही. २०१७ साली अमेरिकन हार्ट असोसिएशननेही हृदयरोगाच्या बाबतीत असेच सावध मत दिले: रूढ उपचारांना जोड म्हणून ध्यानाचा विचार करण्यास हरकत नाही, त्यांच्या जागी नव्हे.

तेव्हा मुद्दा क्रमांक एक: अंशतः होय. हे होय मी कुरकुरत लिहीत नाही. चिंतेने पोखरलेल्या माणसास थोडाही आराम पडत असेल तर ती मोठीच गोष्ट आहे.

आता दुसरा मुद्दा, आणि परिपत्रकांचा सारा डोलारा यावरच उभा आहे. २०१८ साली हाफेनब्राक आणि व्होज या दोन संशोधकांनी प्रयोगांची एक मालिका प्रसिद्ध केली. थोडा वेळ ध्यान केलेल्या लोकांना त्यानंतर एखादे नेमून दिलेले काम करण्याची इच्छा किती उरते, हे त्यांनी तपासले. इच्छा कमी झालेली आढळली. प्रत्यक्ष काम मात्र ना सुधारले ना बिघडले. ज्याने कधी खरोखर शांत बसून पाहिले आहे त्यास यात आश्चर्य वाटणार नाही. मन वर्तमान क्षणी समाधानी झाले तर ते तिमाहीच्या उद्दिष्टामागे कशाला धावेल? हा दोष ध्यानाचा नव्हे, उद्दिष्टवाल्याच्या अपेक्षेचा आहे.

कोणी म्हणेल, प्रयोगशाळेतील पंधरा मिनिटांवरून काय ठरवावे? मग मोठे आकडे घेऊ. २०१९ साली साँग व बायकर यांनी अमेरिकेतील एका विक्री कंपनीच्या सुमारे ३३,००० नोकरांवरील चाचणीचा निकाल दिला. आहार, व्यायाम व ताणनियंत्रण शिकविणारा कार्यक्रम काही दुकानांत चिठ्ठ्या टाकाव्यात तसा यदृच्छेने सुरू केला होता. दीड वर्षानंतर त्या दुकानांतील नोकरांनी आपल्या सवयी सुधारल्याचे सांगितले. परंतु रक्तदाब, वैद्यकीय खर्च, गैरहजेरी आणि कामाची प्रत यांत लक्षणीय फरक आढळला नाही. २०२४ साली ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६,३३६ नोकरांची माहिती तपासली. ध्यानाचे वर्ग, सहनशीलतेचे प्रशिक्षण, मन:शांतीची मोबाइल ॲप्स, यांत भाग घेतलेले लोक भाग न घेतलेल्यांहून अधिक सुखी आढळले नाहीत. अपवाद एकच निघाला: ज्यांना स्वयंसेवेची, म्हणजे दुसऱ्यासाठी काही करण्याची संधी मिळाली ते.

विरुद्ध बाजूचा पुरावा लपविणे हे वकिलाचे काम असेल, निबंधकाराचे नव्हे. २०१२ साली एका अमेरिकी विमा कंपनीच्या २३९ नोकरांवर यदृच्छेने गट पाडून चाचणी झाली. योगासने वा ध्यान शिकलेल्यांना ताण कमी वाटला आणि झोप सुधारली, असे तीत नोंदले आहे. मी ते मानतो. परंतु त्यात भाग घेणारे स्वेच्छेने आलेले होते, आणि ताण किती वाटतो याचा निवाडा त्यांच्या स्वतःच्याच उत्तरांवरून केलेला होता. या क्षेत्रातील बहुतेक अनुकूल पुराव्याची हीच जात आहे. ज्याला ध्यानाची ओढ आहे तो येतो, येऊन बसतो, आणि बसल्यावर कसे वाटते असे विचारले की बरे वाटते म्हणतो. तुलनेचा गट पुष्कळदा नुसता प्रतीक्षायादीवर ठेवलेला असतो. तो काहीच करीत नाही. काही करणारा माणूस काहीच न करणाऱ्याहून बरा असतो, एवढेच यातून निघते. त्याच वेळात कोणी त्यास बागेत फिरावयास सोडले असते तर काय झाले असते, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. शाबितीचा भार दावा करणाऱ्यावर असतो, हे तत्त्व आम्ही पहिल्या वर्षी शिकतो. मुद्दा क्रमांक दोन: शाबीत नाही.

तिसरा मुद्दा मात्र संशोधनाचा कमी आणि न्यायाचा अधिक आहे. क्षणभर धरून चालू की ध्यान रामबाण आहे. तरीही विचारले पाहिजे की, बाण कोणावर सोडावयाचा? नोकराच्या मनावर की त्या मनास पिळणाऱ्या कारणावर?

ही कारणे गूढ नाहीत. १९७९ साली रॉबर्ट कॅरासेक यांनी दाखवून दिले की, कामाची मागणी फार आणि ते काम कसे करावे हे ठरविण्याचा अधिकार थोडा, अशा जागी माणूस खचतो. ब्रिटनच्या शासकीय कचेऱ्यांतील १०,३०८ नोकरांचा जो अभ्यास मायकेल मार्मोट यांनी १९८५ साली सुरू केला, त्यातही हेच पुढे आले: कामावर स्वतःचा ताबा ज्यांना कमी, त्यांना हृदयविकार अधिक. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी संयुक्त अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्यास ५५ तास वा अधिक काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात पक्षाघात व हृदयविकाराने ७,४५,००० माणसे दगावली. ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत त्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी अधिक आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक. ज्या दुखण्याचे कारण घड्याळात आहे त्याचे औषध श्वासात शोधण्याचा हा आग्रह कशासाठी?

उत्तर सोपे आहे. तास कमी करण्यास माणसे वाढवावी लागतात, आणि माणसांस पगार द्यावा लागतो. श्वास फुकट आहे.

आणि आमच्याकडे तर वारे नेमके उलट वाहत आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये एका ज्येष्ठ उद्योगपतींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असा उपदेश केला. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्यांनी तो आकडा ९० वर नेला. २०२३ सालीच कर्नाटक विधानसभेने दुरुस्ती संमत करून कारखान्यातील कामाचा दिवस, आठवड्याची मर्यादा राखून, बारा तासांपर्यंत वाढविण्याची वाट मोकळी केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता अमलात आल्या, तरी कामगाराचा दिवस आठ तासांचा आणि आठवडा सहा दिवसांचा, हे मूळ तत्त्व त्यांतही शिल्लक आहे. ते टाळण्याची युक्ती आमच्या व्यवसायातील प्रत्येकास माहीत आहे: कारकुनास अधिकारी म्हणावे, म्हणजे त्याचे तास मोजावे लागत नाहीत. माझ्या पक्षकार बाईही कागदोपत्री अधिकारी होत्या. त्यांच्या हाताखाली एकही माणूस नव्हता.

आता या उपक्रमांस जो धर्माचा मुलामा दिला जातो त्याविषयी. योगाची सांगड कर्मातील कौशल्याशी घालणारा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील चरण कितीतरी कचेऱ्यांच्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत झळकतो. त्याच श्लोकाचा पूर्वार्ध कोठेच झळकत नाही. सुकृत आणि दुष्कृत या दोहोंचाही हिशेब मागे टाकणाऱ्या समबुद्धीच्या पुरुषाविषयी तो बोलतो. ज्या कचेरीत प्रत्येक मिनिटाच्या सुकृत-दुष्कृताचा तक्ता ठेवला जातो, तिने तो वगळला यात तिचे शहाणपण दिसते, प्रामाणिकपणा नव्हे.

पतंजलींचे तर याहून वाईट हाल झाले. अष्टांगांत ध्यान हे सातवे अंग. त्याच्या आधी सहा आहेत, आणि त्यांतील पहिले यम. यम म्हणजे दुसऱ्याशी कसे वागावे याचे नियम: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. अस्तेय म्हणजे जे आपले नाही ते न घेणे. दुसऱ्याची संध्याकाळ मोबदल्यावाचून घेणे यात बसते काय? अपरिग्रह म्हणजे गरजेपेक्षा अधिक न साठविणे. यावर एखादा वर्ग संचालक मंडळासाठी भरला असेल तर मला त्याचा हजेरीपट पाहावयास आवडेल. पहिली पायरी मालकाने चढावयाची आहे, म्हणून ती गाळली. सातवी नोकराने चढावयाची आहे, म्हणून ती सक्तीची केली.

ध्यानाचे मोल ज्यांना खरोखर कळले होते त्यांनी असे केले नाही. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी हे बौद्ध ध्यानमार्गाचा महाग्रंथ जो 'विशुद्धिमग्ग', त्याचे संपादक. या ग्रंथाच्या कामासाठी ते हार्वर्डला गेले, बेन्सन यांच्या कितीतरी आधी. असा मनुष्य पुढे परळच्या कामगारवस्तीत बहुजन विहार काढून बसला. कामगारांचा संप आणि कामगारांचे चित्त हे त्यांना दोन परस्परविरोधी विषय वाटले नाहीत. आणि नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून जे मागितले ते आठवावे. त्या कामगारांना ताण नव्हता असे कोण म्हणेल? लोखंडे यांनी त्यांच्यासाठी रविवार मागितला, आणि सहा वर्षांच्या झगड्यानंतर, १० जून १८९० रोजी, तो मिळविला. आज आपण जो रविवार आपला म्हणून भोगतो तो कोणाच्या शांत चित्तातून उगवलेला नाही. तो मागून, भांडून घेतलेला आहे. आपल्या राज्यघटनेच्या त्रेचाळिसाव्या अनुच्छेदानेही कामगारास निर्वाहवेतनाबरोबर फुरसतीचा पूर्ण उपभोग मिळावा असे राज्यास बजावले आहे. घटनाकारांनी फुरसत लिहिली. फुरसतीवाचून शांत राहण्याची कला लिहिली नाही.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घेण्यासारखा आहे. कोणी म्हणेल, तास कमी होतील तेव्हा होतील. तोवर ध्यानवर्गाने चार माणसांना बरे वाटत असेल तर वकीलसाहेबांचे काय बिघडते? काही बिघडत नाही. मी वर्ग बंद करा म्हणत नाही. मी अटी घाला म्हणतो. वर्ग कामाच्या वेळेत, पगारी वेळेत व्हावा. तो स्वेच्छेचा असावा, आणि स्वेच्छेचा म्हणजे ज्याची हजेरी घेतली जात नाही असा. त्याचा उल्लेख गोपनीय अहवालात, बढतीत वा चौकशीत कधीही येऊ नये. विपश्यनेच्या शिबिरासाठी महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांस रजेची सवलत दिली. त्यामागचा विचार याच जातीचा आहे. ज्यास बसावयाचे आहे त्यास वेळ द्या, आणि मग बाजूस व्हा. सक्ती नको याचे वैद्यकीय कारणही आहे. २०२० साली फारियास व सहकाऱ्यांनी ८३ अभ्यास तपासले, तेव्हा ध्यान करणाऱ्यांपैकी सुमारे ८ टक्क्यांना चिंता, उदासीनता यांसारखा त्रास झाल्याचे आढळले. प्रत्येक औषधास असे असते. म्हणूनच औषध वैद्य देतो, मुकादम देत नाही.

आणि पाचवी अट, जी खरे तर पहिली: जी आस्थापना ध्यानवर्ग भरविते तिने त्याच फलकावर आपल्या नोकरांचे प्रत्यक्ष कामाचे तासही लावावेत. दोन्ही कागद शेजारी शेजारी असू द्यावेत. वाचणाऱ्यास मग संशोधनाची गरज उरणार नाही.

तात्पर्य, मुद्दा क्रमांक तीन: नाही. ध्यान हे माणसाचे स्वतःचे धन आहे. ते त्याने आपल्या चित्तासाठी, आपल्या देवासाठी, वा नुसत्या स्वस्थतेसाठी खर्चावे. मालकाच्या जबाबदारीची भरपाई त्यातून वळती करून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही.

बाईंच्या चौकशीत पुढे काय झाले, हे सांगून थांबतो. चौकशी अधिकाऱ्यांनी त्यांना विचारले, बारा वर्गांपैकी नऊ वर्गांना तुम्ही का आला नाहीत? वर्ग सकाळी आठला असे. कामाची वेळ नऊची. बाई म्हणाल्या, "साहेब, आमच्या गावची पहिली गाडी बेळगावात वीस मिनिटे उशिरा पोहोचते, म्हणजे आठ वीसला. तीन दिवस भाऊ सोडावयास आला होता, ते तीन दिवस मी आले."

चौकशी अधिकाऱ्यांनी हे उत्तर जसेच्या तसे उतरवून घेतले. आमच्या बाजूचा त्याहून चांगला पुरावा माझ्यापाशी नव्हता. आरोप मागे घेतला गेला, बाई कामावर परतल्या. त्यांची सुटण्याची वेळ अद्याप साडेनऊचीच आहे, आणि ध्यानवर्गही सकाळी आठलाच भरतो.